शेडपलीकडचा जोडीदार

गिरणीच्या साचेखात्यात माणूस पहिल्या दोन-तीन वर्षांतच बहिरा व्हायला लागतो, आणि त्याचं त्याला कळत नाही. घरी बायको म्हणायची, हळू बोला, शेजारी ऐकतात. मला वाटायचं, हिचेच कान तिखट. पण खात्यात मात्र आम्ही ओरडत नव्हतो. शेकडो साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम धडधडत असताना ओरडून उपयोग काय? आम्ही हातांनी बोलायचो.

चिमूट धरून बोटं फटकन उघडली की सुताची तार तुटली. गळ्याशी टाय आवळल्यासारखं केलं की साहेब येतोय. पाच बोटं तोंडाशी नेऊन मान उडवली की जेवलास का. ही भाषा कुणी शिकवत नसे. नवा माणूस आठ दिवस गोंधळायचा, मग एके दिवशी त्याचे हात आपोआप बोलायला लागायचे. खात्यात लग्नं ठरली ती हातांनी, भांडणं झाली तीही हातांनी. शिव्यांची तर इतकी समृद्धी होती की तोंडाला ती कधी साधली नसती.

माझे दोन साचे आणि माझ्या जोडीदाराचे दोन, मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी गल्ली. तो घाटावरचा, मी मालवणकडचा. तो मला कोकण्या म्हणायचा, मी त्याला घाटी. दोघांपैकी एकाला बाहेर जायचं असलं की दुसरा चारही साचे बघायचा. बघायचा म्हणजे तार तुटली तर सांधायचा, आणि कापड बिघडलं तर ते आपल्या माथी घ्यायचा. चौदा वर्षं आम्ही असे शेजारी उभे राहिलो. सख्ख्या भावाला मी एवढं सलग कधी पाहिलेलं नाही.

मग संप झाला. महिना-दोन महिन्यांत मिटेल असं सगळेच म्हणत होते. आम्ही सकाळी नाक्यावर जमायचो, सभांना जायचो, संध्याकाळी परत नाक्यावर. माझं घर कसंबसं तरलं. गावाहून भाऊ एसटीच्या टपावर तांदळाचं पोतं टाकून द्यायचा, बायको लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ खुडायला जायची. रात्री तिचे हात भगभगायचे, ती ते ताकात बुडवून बसायची. जोडीदाराला गावाकडे जमीन नव्हती. होती ती दोन थोरल्या भावांत संपली होती. घरात तीन पोरं, धाकटी तर अंगावर पिणारी. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. पण माहीत असणं निराळं आणि मनाला लागणं निराळं.

वर्ष उलटून गेल्यावर गिरणीनं थोडी माणसं घेऊन काम सुरू केलं. पुढच्या दारात मोर्चे असायचे म्हणून त्यांना मागच्या गेटनं आत घेत. माझी चाळ गिरणीच्या भिंतीला लागूनच, तिसरा मजला, गॅलरीतून मागचं गेट सरळ दिसायचं. एका सकाळी दात घासता घासता मी त्याला पाहिलं. काखेत डबा, मान खाली. आत शिरताना त्यानं एकदा वर माझ्या गॅलरीकडे पाहिलं. मी पाठ फिरवली आणि आत गेलो.

अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तो कामावर गेला याच्यापेक्षा मला न सांगता गेला याचा राग जास्त होता, हे आता कळतं. तेव्हा मी तत्त्वाच्या गोष्टी करत होतो. नाक्यावर त्याचं नाव निघालं की सगळ्यांत मोठ्यानं थुंकणारा मीच. पुढे काही वर्षं गिरणी लंगडत चालली आणि एक दिवस तिला कायमचं कुलूप लागलं. आत गेलेलेही बाहेर आले. कुणीतरी म्हणालं, बरं झालं, जिरली. मीही म्हणालो.

मला दादरला एका कापडाच्या दुकानात काम मिळालं. जे आयुष्यभर विणलं ते आता मापून, फाडून, घडी घालून द्यायचं. मालक गुजराती, माणूस बरा होता. मी तिथं वीस-एक वर्षं उभा होतो. जोडीदाराची चाळ साचेखात्याच्या शेडच्या त्या बाजूला, रस्त्यानं वळसा घालून गेलं तर फार तर दहा मिनिटं. पण त्या वीस वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. मार्केटात समोरासमोर आलो तर दोघांपैकी एकाला कोथिंबीर बघायची असायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आम्हा दोघांनाही लागू होतं.

दरम्यान माझं घर रिकामं झालं. मुलानं बदलापूरला जागा घेतली आणि मला चला म्हणाला. बायको जायला तयार होती, मीच हटून बसलो. दोन वर्षांनी ती गेली. म्हणजे बदलापूरला नव्हे, कायमचीच. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि आठव्या दिवशी सगळं आटोपलं. त्यानंतर मुलगा दर रविवारी फोन करून विचारतो, येताय का, आणि मी दर रविवारी सांगतो, तिकडे करमत नाही. जसं काही इकडे फार करमतं.

चाळही बदलली. पूर्वी दिवसा कुणाच्या दाराला कडी नसायची. आता निम्म्या खोल्यांत तिघे-तिघे मिळून राहणारी पोरं आली, सकाळी कुलूप लावून जाणारी. त्यांचा दोष नाही. पण मजल्यावरून चालत गेलं तर दोन्ही हातांना कुलपंच लागायची. खाकरलो तर माझं खाकरणं मलाच ऐकू यायचं, आणि ते माझ्या कानांना ऐकू येणं म्हणजे बाकी किती शांत असेल याची कल्पना करा.

गिरणीच्या आवारात पहिलं दुकान निघालं ते कापसाच्या गोदामात. फर्निचरचं. पहिल्या रविवारी आम्ही चाळीतले लोक जत्रेला जावं तसे ते बघायला गेलो. दारातला रखवालदार आमच्याच चाळीतला, पूर्वी सूतखात्यात होता. त्यानं आम्हाला सलाम ठोकला आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं. पाठोपाठ कँटीनच्या जागी हॉटेल निघालं, रंगखात्यात कुठल्याशा बँकेचं ऑफिस आलं, आणि मग काही विचारू नका. सकाळी नऊच्या सुमाराला गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला कार्ड लटकवलेल्या पोरापोरींचे लोंढे उतरायला लागले. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबांनी रस्त्याकडच्या खोल्या झेरॉक्सवाल्याला, मोबाइलवाल्याला, सँडविचवाल्याला दिल्या आणि स्वतः पोटमाळ्यावर झोपायला लागली. चार वर्षांत इथं मॉल झाला. जिथं आम्ही गेट सभा घ्यायचो तिथं आता माणसं गाडीतून उतरून किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि मागं न बघता आत जायची.

एवढ्या गडबडीत साचेखात्याची शेड तेवढी तशीच राहिली. कोर्टात काहीतरी अडकलंय असं लोक म्हणायचे. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, बसकी, खाली झोपलेली. ती बसकी होती म्हणूनच माझ्या गॅलरीतून पलीकडच्या चाळीची गॅलरी दिसायची. तोही तिसऱ्या मजल्यावरच राहायचा.

दुकानातलं काम सोडल्यावर मी संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागलो. एकदा पाचच्या सुमाराला पाहतो तर समोर तो उभा. बनियन, पट्ट्यापट्ट्याची विजार. त्यानं पाच बोटं तोंडाशी नेली आणि मान उडवली. मी आधी मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारतोय की काय. मागं माझीच खोली होती आणि तिच्यात कुणी नव्हतं. मग माझा हात उठला. मी उठवला असं म्हणणार नाही, तो उठला. जेवलो, म्हणालो. तू?

तिथून ते सुरू झालं. रोज पाचला, अर्धा तास, कधी जास्त. वीस वर्षांत हात काही विसरले नव्हते. नव्या गोष्टींना खुणा नव्हत्या, त्या आम्ही पाडल्या. मॉल म्हणजे तळहात तिरपा वर सरकवायचा, तिथल्या सरकत्या जिन्यासारखा. गळ्यातलं कार्ड दाखवायला पूर्वीचीच साहेबाची टाय जरा खाली ओढायची. एकदा त्यानं शेडच्या कडेला खाली जमलेल्या सगळ्या गर्दीकडे बोट केलं आणि ती खूण केली, सगळेच साहेब, आणि मी एकटाच एवढा हसलो की खालचा सँडविचवाला वर बघायला लागला. त्याची सून मॉलमध्ये कामाला लागल्याचं मला त्यानंच सांगितलं. माझी बायको गेल्याचं मी त्याला सांगितलं. त्यानं दोन्ही हात छातीवर ठेवले आणि बराच वेळ ते तसेच ठेवले.

एकमेकांकडे जायचं मात्र कुणी म्हणालं नाही. मला ते सोयीचं होतं. समोर बसलं की तोंडानं बोलावं लागतं, आणि तोंडानं बोलायचं तर संपाशी यावंच लागलं असतं. आमच्या भाषेत संपाला खूण नव्हती. साचे चालू असतानाची भाषा ती, बंद पडलेल्या साच्यांचं तिला काय माहीत असणार?

दोन-तीन वर्षांनी मला त्याच्यात एक गोष्ट खटकायला लागली. मी विचारायचो एक आणि तो सांगायचा दुसरंच. मी म्हणायचो, पाय बरा आहे का, तर तो कबुतरांबद्दल सांगणार. मी म्हणायचो, नातू पास झाला का, तर तो थोडा थांबून मान डोलावणार आणि पुन्हा कबुतरं. मला वाटायचं, घाटी तो घाटी, आपलंच घोडं दामटणार. खात्यातही तो तसाच होता. कधी कधी मला राग यायचा आणि मी मुद्दाम पाचला आत जाऊन बसायचो. दाराच्या फटीतून बघायचो. तो पलीकडे उभा राहून हात हलवत असायचा. मला त्यात एक दुष्ट समाधान मिळायचं. बस म्हणावं एकटा. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खुर्चीवर हजर, कारण मीही एकटाच बसलेला असायचो.

मग कोर्टातलं सुटलं आणि शेडभोवती पत्रे उभे राहिले. पत्र्यांवर काचेच्या उंच इमारतीचं चित्र आणि त्या चित्रात हसत कॉफी पिणारी गोरी माणसं. महिनाभरात छप्पर उतरलं. आम्ही दोघं जिथं उभे राहायचो ती जागा मी वरून शोधायचा प्रयत्न केला, पण छप्पर नसलेली शेड ओळखूच येईना. मग खड्डा झाला, खांब उठले. पहिला स्लॅब पडला तेव्हा मी गंमत म्हणून बघत होतो. दुसरा पडला तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिसरा आणि चौथा पडला की समोरची चाळ दिसायची बंद होणार.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढ्या वर्षांत जे सांगायचं राहिलं होतं ते आता सांगितलं पाहिजे, नाहीतर राहूनच जाईल. मी त्याला मनातून केव्हाच माफ केलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. पण ते त्याला कळायला हवं होतं, आणि दहा मिनिटं चालत जाऊन सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. हातांनी सांगता येत होतं तोवरच सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पाचला तो आला. मी त्याला बोलूच दिलं नाही. मागच्या गेटच्या दिशेनं बोट दाखवलं, मग त्याच्याकडे. मग एका तळहातानं दुसरा तळहात पुसला, साच्यावरची धूळ पुसावी तसा, दोनदा, तीनदा. पुसून टाकलं. मग हात छातीवर ठेवला. तो उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं हात वर केला आणि मान डोलावली.

मला इतकं हलकं वाटलं की मी खाली जाऊन बोंबील आणले, तळले आणि एकट्यानं बसून भरपूर जेवलो. बायकोच्या फोटोला सांगितलं, झालं एकदाचं. पंधरा दिवसांत तिसरा स्लॅब पडला, मग हिरवी जाळी चढली, आणि समोरची चाळ नजरेआड गेली.

आता तो येईल, असं मी धरून चाललो. माझ्याकडून मी केलं होतं, पुढचं पाऊल त्यानं टाकायचं. वर्ष गेलं. जाळी उतरून काचा बसल्या. काचांमागं टेबलं आली, टेबलांशी माणसं आली. तिसऱ्या मजल्यावर माझ्या अगदी समोर एक मुलगी बसायची. रोज दुपारी एकटीच कॉम्प्युटरकडे बघत डबा खायची. एक दिवस तिची नि माझी नजरानजर झाली आणि माझा हात सवयीनं उठला, पाच बोटं तोंडाशी. जेवलीस का? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पडदा ओढला. त्यानंतर तो पडदा कधी उघडला नाही. तिचं काय चुकलं? समोरच्या पडक्या चाळीतला म्हातारा तोंडाशी बोटं नेऊन खुणा करतोय, दुसरं कुणी असतं तरी तेच केलं असतं. पण मला ते फार लागलं. दोन दिवस मी गॅलरीत गेलो नाही.

तो मात्र आला नाही. मी चिडलो, मग चिडणंही संपलं आणि नुसते पाच वाजायला लागले.

उन्हाळ्यात खोलीवरचा पत्रा तापतो, म्हणून मी दुपारी मॉलमध्ये जाऊन फिरायचो. थंडगार असतं आणि फिरायला कुणी हरकत घेत नाही, फक्त रखवालदार डोळ्यांनी पाठलाग करतो. एक दिवस कपड्यांच्या दुकानात मी सदऱ्याची बाही उलटी करून बघत होतो. विणकराची ती खोड मरेपर्यंत जात नाही. कापड आधी उलटं करायचं, काठ असेल तर काठ बघायचा, मग दोन बोटांत धरून चाचपायचं. विकणाऱ्या पोरांना वाटतं म्हातारा किमतीची चिठ्ठी शोधतोय. पण तिथली बाई जवळ आली, पस्तिशीची असेल, आणि म्हणाली, "काका, तुम्ही गिरणीत होता का? साच्यावर?"

मी विचारलं, तुला काय माहीत. ती म्हणाली, आमचे मामा, म्हणजे सासरे, असंच करतात. त्यांच्यासाठी काहीही नेलं तरी आधी उलटं करून चाचपतात आणि मग नावं ठेवतात. कुठं राहता, म्हणून तिनं विचारलं. मी चाळ सांगितली, मजला सांगितला. तिचा चेहराच बदलला. हातातले हँगर तिनं खाली ठेवले.

"म्हणजे मामा रोज ज्यांच्याशी बोलतात ते तुम्ही?"

बोलायचो, मी म्हणालो. मधे इमारत झाली ना.

तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि मला खांबामागं घेतलं. मग जे सांगितलं ते मी दोनदा विचारून घेतलं, कारण पहिल्या वेळी मला वाटलं माझ्या कानांनीच काहीतरी घोळ घातला. त्याला दिसत नव्हतं. दहा वर्षं होत आली होती. आधी मोतीबिंदू म्हणून अंगावर काढलं, मग डॉक्टरनं काचबिंदू सांगितला, आणि तोवर नजर गेली होती ती परत यायची नव्हती. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. बाहेर कुणाला सांगायचं नाही म्हणून त्यानं घरात बजावलं होतं. मधली इमारत त्याला कुणी सांगितली नव्हती. पाडापाडीचे हादरे बसायचे तेव्हा कुठंतरी काम चाललंय एवढंच तो म्हणायचा.

"अजून रोज पाचला उभे राहतात," ती म्हणाली. "तेवढा एकच वेळ खुशीत असतात. मग आम्ही कशाला सांगू?"

मी तिथून कसा बाहेर पडलो ते आठवत नाही. दहा वर्षं. म्हणजे ती कबुतरं, ती थांबून डोलावलेली मान. मी विचारत होतो ते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. मी बोलायला जेवढा वेळ घेईन तेवढा तो अंदाजानं थांबायचा आणि मग आपलं सांगायचा. आणि मी जे तळहात पुसून पुसून सांगितलं, ज्याच्यावर मी बोंबील तळून खाल्ले, ते त्यानं पाहिलंच नव्हतं. सगळ्या लालबागात मला बोलायला एक माणूस होता आणि तोही नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मी निघालो. आवारातून जायचा पूर्वीचा रस्ता बंद झाला होता. रखवालदारानं हिंदीत विचारलं, कुठं जायचंय, आणि कार्ड नाही म्हटल्यावर बाहेरून जा म्हणाला. वळसा घालून, सगळ्या दुकानांच्या पुढून, गाड्या चुकवत मी गेलो. दहा मिनिटांचे पंचवीस झाले. तीन जिने चढताना दोनदा बसलो.

सुनेला त्या दिवशी सुट्टी होती, तिनं खुणेनं गॅलरी दाखवली. तो पाठमोरा उभा होता, खांदे पडलेले, केस सगळे पांढरे. समोर हातभर अंतरावर असल्यासारखी ती काचेची भिंत, आणि हा तिच्याकडे तोंड करून हात हलवत होता. मी त्याला इतक्या जवळून, तेही मागून, संपानंतर पहिल्यांदाच बघत होतो. पाय दुखतोय, असं तो सांगत होता. नातवाला नोकरी लागली. तू आता बदलापूरला जा, एकटा राहू नको. मग तो थांबला, माझं उत्तर होईल एवढा वेळ, आणि त्यानं मान डोलावली.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला. कोण, म्हणाला. मी कानाशी तोंड नेऊन सांगितलं, मी, कोकण्या.

त्यानं माझा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. मग तोंड काचेकडे वळवलं आणि विचारलं, "मग तिकडं कोन हाय?"

कुणी नाही, मी म्हणालो. मधे बारा मजले झालेत. दीड वर्ष झालं, मला तू दिसत नाहीस. तुलाही मी दिसत नव्हतो ते मला काल कळलं. हे सगळं मला ओरडून सांगावं लागलं, कारण त्याचेही कान साचेवाल्याचेच. मजल्यावरच्या बायका दारात आल्या. त्यानं हळूहळू हात खाली घेतले आणि कठड्याला धरून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

मी ज्या कामाला आलो होतो ते मला उरकायचं होतं. मी म्हणालो, मागच्या गेटचं मी मनातून काढून टाकलंय. तुला हातानं सांगितलं होतं, तुला दिसलं नाही. माझ्या मनात आता तुझ्याबद्दल काही नाही.

त्यानं तोंड पुन्हा काचेकडे वळवलं. मला वाटलं, गहिवरला असेल.

"मी कवा माफी मागितली तुझ्याकडं?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पोरगी पाण्यात पीठ कालवून पीत हुती. मी गेलो. परत तशी येळ आली तर परत जाईन. पर त्या दिवशी सांजच्याला मी तुझ्या दाराशी आलो हुतो. तू आत हुतास. मला दिसत हुतं तवा."

हे मी वर लिहिलेलं नाही. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ज्या सकाळी तो गेटनं आत गेला त्याच संध्याकाळी तो माझ्याकडे आला होता, सांगायला. मी त्याला जिन्यात पाहिलं आणि दार लावून कडी घातली. भर संध्याकाळी, ज्या चाळीत मयत झाल्याशिवाय दार लागत नसे, तिथं. त्यानं तीनदा वाजवलं. बायको कडी काढायला उठली तर मी तिचा हात धरला. तो पाच-दहा मिनिटं बाहेर उभा होता, फटीतून त्याचे पाय दिसत होते. मग गेला. आत माझ्या घरात भावानं पाठवलेला तांदूळ शिजत होता आणि त्याचा वास बाहेर गेला असणार.

मी हळू आवाजात म्हणालो, "चुकलो मी."

"आं?" तो म्हणाला आणि कान पुढे केला.

दारांतल्या बायका, जिन्यावरची पोरं, हातात चहाचा कप घेतलेली सून, सगळी आमच्याकडे बघत होती. मी त्याचं मनगट धरलं आणि पुन्हा म्हणालो, या वेळी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं.